हळदीची पुण्याई आणि औषधाची कसोटी



हळदीच्या पेटंटची लढाई आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना जखम भरून येण्यासाठी हळदपूड वापरण्याचे पेटंट बहाल केले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, त्याला आव्हान दिले. जुन्या संस्कृत ग्रंथांतले दाखले आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला एक निबंध यांच्यासह तीसहून अधिक संदर्भ पुढे ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. परंपरागत ज्ञानाच्या रक्षणातला तो मोठा टप्पा होता आणि त्याचा अभिमान वाटणे रास्तच आहे. पण त्या विजयाने नेमके काय सिद्ध झाले, हे आपण फारसे विचारले नाही. पेटंट कार्यालयापुढे प्रश्न एवढाच होता, की ही गोष्ट नवी आहे का? ती नवी नाही, हे आपण दाखवून दिले. हळदीने जखम किती लवकर भरते, कोणत्या जखमेवर तिचा उपयोग होतो, कोणत्या जखमेवर होत नाही, याची तपासणी तिथे झालीच नाही, कारण ते त्या कार्यालयाचे काम नव्हते. एखादी गोष्ट आपल्याला आधीपासून माहीत होती हे एक सत्य आणि ती गुणकारी आहे हे दुसरे सत्य. दोन्ही स्वतंत्रपणे सिद्ध करावी लागतात. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत हळदीविषयी जे लिहिले, विकले आणि सांगितले गेले, त्यातल्या बऱ्याच भागात पहिल्या सत्याच्या जोरावर दुसरे गृहीत धरलेले दिसते.

आज मला जे मांडायचे आहे ते असे : हळदीतून वेगळे काढलेले कर्क्युमिन आणि त्याच्यापासून घडवलेली नवी संयुगे यांना औषध म्हणून उभे राहायचे असेल, तर हळदीची पुण्याई त्यांच्या कामी येणार नाही. प्रत्येक संयुगाला एका ठरावीक रोगात, एका ठरावीक मात्रेत, शरीराच्या एका ठरावीक जागी आपली योग्यता पहिल्यापासून सिद्ध करावी लागेल. आणि ही अट जाचक वाटली तरी कर्क्युमिनला वाचवणारी तीच एक गोष्ट आहे, असे माझे मत आहे.

आधी पदार्थाची ओळख करून घेऊ. हळकुंडाच्या वजनात कर्क्युमिनॉइड गटातली द्रव्ये साधारण दोन ते पाच टक्के असतात. १८१५ मध्ये व्होगेल आणि पेल्तिए यांनी हळदीतले पिवळे द्रव्य वेगळे काढले. त्याची रेण्वीय रचना मात्र १९१० मध्ये निश्चित झाली. हे पिवळे द्रव्य म्हणजे एकच संयुग नव्हे. कर्क्युमिन, डिमेथॉक्सिकर्क्युमिन आणि बिसडिमेथॉक्सिकर्क्युमिन अशी तीन भावंडे त्यात आहेत. आज बाजारात ‘९५ टक्के शुद्ध’ म्हणून जो अर्क मिळतो, त्यात या तिघांची बेरीज ९५ टक्के असते आणि त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा कर्क्युमिनचा. हा अर्क हळदीपासून किती दूर गेला आहे, हे साध्या गणिताने कळते. हळदीत तीन टक्के कर्क्युमिनॉइड धरले, तर रोज तीन ग्रॅमची मात्रा देणाऱ्या चाचणीतल्या रुग्णाला तेवढे द्रव्य स्वयंपाकातून मिळवायला रोज शंभर ग्रॅम हळद पोटात घालावी लागेल. आमटीत चिमूटभर आणि दुधात चमचाभर हळद घालणाऱ्या पिढ्यांचा अनुभव या मात्रेला लागू पडत नाही. उपयोगाच्या बाबतीतही नाही आणि सुरक्षिततेच्या बाबतीतही नाही.

भारतीय औषधशास्त्रज्ञांनी या विषयात फार लवकर आणि फार शिस्तीने पाऊल टाकले होते, याची आठवण ठेवली पाहिजे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन यांनी १९७३ मध्ये कर्क्युमिनचा दाहशामक गुण प्रयोगशाळेतील प्राण्यांवर दाखवला. १९८० मध्ये संधिवाताच्या रुग्णांवरचा एक प्राथमिक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये मुंबईत डॉ. सातोसकर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर कर्क्युमिन देऊन पाहिले आणि त्याची तुलना फिनाइलब्युटाझोन या तेव्हाच्या प्रचलित औषधाशी व औषधहीन गोळीशी, म्हणजे प्लासिबोशी, केली. वैद्यकाच्या कित्येक विद्यार्थ्यांनी औषधशास्त्र सातोसकरांच्या पाठ्यपुस्तकातून शिकले. त्या माणसाने हळदीलाही पाठ्यपुस्तकातलीच कसोटी लावली होती. हे अभ्यास लहान होते, त्यांच्यावरून आज कोणी औषधाला परवानगी देणार नाही. पण त्यांचा प्रश्न नेमका होता : हे एक द्रव्य, ही मात्रा, ही एक अवस्था आणि ही तुलना.

पुढे तो नेमकेपणा हरवला. १९९० नंतर जगभरच्या प्रयोगशाळांत काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन टाकण्याची लाट आली. कर्करोगाच्या पेशी मरतात, दाह घडवणारी प्रथिने थंडावतात, विषाणू अडतात, मेंदूतली अमायलॉइडची पुटे विरघळतात, असे हजारो शोधनिबंध निघाले. एकच रेणू शेकडो वेगवेगळ्या प्रथिनांवर परिणाम करतो, याचे काहींना अप्रूप वाटले. रसायनशास्त्रज्ञांना मात्र शंका आली. कर्क्युमिन स्वतः प्रकाश शोषते आणि स्वतः चकाकते, त्यामुळे चकाकीवर आधारलेल्या चाचण्यांत खोटी नोंद होऊ शकते. ते धातूंचे अणू धरून ठेवते, प्रथिनांच्या गंधकयुक्त भागांना चिकटते, पेशींच्या पटलात घुसून तिथली घडी विस्कटते. शिवाय ते अस्थिर आहे. शरीराच्या तापमानाला, रक्ताच्या आम्लतेशी जुळणाऱ्या पण प्रथिने नसलेल्या द्रावणात ठेवले, तर अर्ध्या तासात त्यातले नव्वद टक्के मोडून जाते, हे १९९७ मध्येच दिसून आले होते. म्हणजे बशीत जो परिणाम दिसला तो कर्क्युमिनचा, की त्याच्या तुकड्यांचा, हेही अनेक निबंधांत तपासलेले नव्हते. प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ म्हणणाऱ्या साक्षीदारावर न्यायालय जसा विश्वास टाकत नाही, तसाच विचार इथेही व्हायला हवा होता. त्यात अमेरिकेतल्या एका नामांकित कर्करोग केंद्रातून निघालेले या विषयावरचे अनेक निबंध आकृत्यांतल्या फेरफारांच्या आक्षेपांनंतर मागे घ्यावे लागले आणि त्या निबंधांवर विसंबून पुढे गेलेल्या कामाचा पायाही डळमळला.

२०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात या सगळ्याचा कठोर हिशेब मांडला. शंभरहून अधिक मानवी चाचण्या होऊनही नीट आखलेल्या, दोन्ही बाजूंना अंधारात ठेवून केलेल्या चाचणीत कर्क्युमिन यशस्वी झालेले नाही, हा त्यांचा निष्कर्ष. हा लेख आपल्याकडे अनेकांना झोंबला. त्यातली रासायनिक टीका मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे. त्यावरून हा रेणू टाकून द्यावा असे जे अनुमान निघते, ते मला मान्य नाही. का, ते सांगण्यासाठी कर्क्युमिन शरीरात कुठे जाते आणि कुठे जात नाही, हे पाहावे लागते.

तोंडावाटे घेतलेले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यातले बरेचसे आतड्यातून तसेच पुढे सरकते आणि मलावाटे बाहेर पडते. १९७८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगात दिलेल्या मात्रेचा सुमारे पाऊण भाग असाच बाहेर पडला होता. जे थोडे आत शिरते, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत लगेच ग्लुक्युरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून बाहेर काढण्याची तयारी करतात. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांना रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन दिले गेले, तेव्हाही रक्तात ते मिलिलिटरमागे पन्नास नॅनोग्रॅमच्या खालीच राहिले. बशीतल्या प्रयोगांत सर्रास वापरली जाणारी दहा मायक्रोमोलरची तीव्रता म्हणजे मिलिलिटरमागे सुमारे ३,७०० नॅनोग्रॅम. या दोन आकड्यांतली दरी शंभरपटीच्या आसपास आहे. बशीत मेलेल्या पेशींवरून रुग्णाला आशा दाखवणे किती अन्यायाचे आहे, हे त्या दरीवरून कळते.

ही दरी बुजवायला मिरी पुढे आली. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतले पायपरीन हे द्रव्य वीस मिलिग्रॅम दिले, तर माणसाच्या रक्तातली उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढते. हा आकडा आज प्रत्येक डबीवर असतो. पण जवळजवळ शून्याची वीसपट झाली तरी ती थोडीच असते, आणि पायपरीन हे घडवते ते यकृताची व आतड्याची निचरा करणारी यंत्रणा मंदावून. ती यंत्रणा केवळ कर्क्युमिनसाठी नाही. फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन अशा औषधांची रक्तातली पातळीही पायपरीनने वाढते. अपस्माराची किंवा हृदयरोगाची गोळी घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या मनाने अशी कॅप्सूल सुरू करणे धोक्याचे आहे. ही सूचना डबीवर आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात असायला हवी.

आता नाण्याची दुसरी बाजू. जो रेणू रक्तात शिरत नाही आणि आतड्यात साचून राहतो, तो आतड्याच्याच रोगात का वापरू नये? मोठ्या आतड्याच्या व्रणदाहात, ज्याला डॉक्टर अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात, हेच करून पाहिले गेले. २००६ मध्ये जपानमध्ये हानाई आणि सहकाऱ्यांनी रोग शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर रोज दोन ग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो दिले. सहा महिन्यांत कर्क्युमिन गटातल्या सुमारे पाच टक्के रुग्णांचा रोग उलटला, प्लासिबो गटात सुमारे वीस टक्क्यांचा. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इस्रायलमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीत मेसालमीन हे या रोगावरचे नेहमीचे औषध घेऊनही रोग सक्रिय राहिलेल्या ५० रुग्णांपैकी काहींना रोज तीन ग्रॅम कर्क्युमिन जोडून दिले. महिन्याभरात त्यातल्या निम्म्याहून अधिकांचा रोग शांत झाला, प्लासिबो गटात एकाचाही नाही. याउलट दिल्लीच्या एम्समध्ये रोज फक्त ४५० मिलिग्रॅम देऊन पाहिले, तेव्हा काही फायदा दिसला नाही. मला या तिसऱ्या अभ्यासाचे मोल पहिल्या दोहोंइतकेच वाटते. मात्रा खाली आल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर आधी दिसलेला परिणाम खरा असण्याची शक्यता वाढते. तरीही या चाचण्या लहान आहेत. शेकडो रुग्णांची, अनेक रुग्णालयांतली, वर्षभर चालणारी चाचणी झाल्याशिवाय हे प्रकरण मिटले असे म्हणता येणार नाही.

दुसरी जागा म्हणजे तोंड. तोंडातला ल्युकोप्लाकिया, म्हणजे तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडात उमटणारा आणि पुढे कर्करोगात बदलू शकणारा पांढरा चट्टा. केरळात २२३ रुग्णांवर सहा महिने चाललेली आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते, की रोज ३.६ ग्रॅम कर्क्युमिन घेणाऱ्यांपैकी ६७.५ टक्के रुग्णांत सुधारणा दिसली आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी ५५.३ टक्के रुग्णांत. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा होता. प्लासिबो गटातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे चट्टेही कमी झाले, याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. तुलनेचा गट नसता, तर हळदीने दोन तृतीयांश लोक बरे होतात अशी बातमी छापून आली असती आणि ती मनापासून लिहिलेली पण चुकीची बातमी ठरली असती. नेल्सन यांच्या सरसकट निष्कर्षाला माझे उत्तर इथे आहे. जिथे रेणू पोहोचतो, तिथे नीट आखलेल्या चाचण्यांतही त्याच्या बाजूचा लहान पण खरा पुरावा आहे.

जिथे तो पोहोचत नाही, तिथल्या पराभवांनाही तेवढ्याच मोकळेपणाने सामोरे जायला हवे. अल्झायमरच्या रुग्णांना चोवीस आठवडे रोज दोन किंवा चार ग्रॅम दिल्यावर काही लाभ दिसला नाही. कॅनडात पोटातल्या महारोहिणीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया होणाऱ्या ६०६ रुग्णांवर कर्क्युमिनची चाचणी झाली. दाह कमी होऊन मूत्रपिंडे वाचतील अशी आशा होती. निकाल उलटा लागला : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात कर्क्युमिन गटातच मूत्रपिंडाची तीव्र इजा अधिक, सुमारे १७ टक्के, तर प्लासिबो गटात सुमारे १० टक्के होती. हळदीच्या भक्तांनी हा अहवाल पुन्हा पुन्हा वाचावा असे मला वाटते.

रेणूला हव्या त्या जागी पोहोचवायचे, तर दोन मार्ग उरतात : वेष्टन बदलणे किंवा रेणूच बदलणे. पहिल्या मार्गावर आपल्या राज्यातही काम झाले आहे. टाटा मेमोरियल केंद्राच्या खारघर येथील अॅक्ट्रेकमधील संशोधकांनी घन मेदकणांत बांधलेले कर्क्युमिन हाडांच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन रक्तातली पातळी मोजली आणि ती साध्या अर्कापेक्षा वर गेल्याचे २०१० मध्ये नोंदवले. शिरेतून देण्यासाठी लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरलेले कर्क्युमिन ऑस्ट्रियात माणसांवर तपासले गेले. तिथे मात्रा वाढवल्यावर लाल रक्तपेशींचा आकार बदलू लागला, काटेरी पेशी दिसू लागल्या. रक्तात पुरेसे कर्क्युमिन पोहोचल्यावर काय होते, याचे हे पहिले प्रामाणिक उत्तर होते. आतड्याची भिंत इतकी वर्षे आपल्याला या रेणूच्या अपायांपासूनही वाचवत आली असावी. जपानमधल्या क्योतो येथे वेगळा विचार झाला. शरीर कर्क्युमिनला जे ग्लुक्युरोनिक आम्ल जोडते, ते आधीच जोडून पाण्यात विरघळणारे संयुग शिरेतून द्यायचे आणि ज्या ऊतींत ते जोड तोडणारे विकर आहे तिथे कर्क्युमिन मोकळे होऊ द्यायचे. शरीराच्या निचऱ्याच्या वाटेचाच वाहतुकीसाठी उपयोग करण्याची ही कल्पना मला अतिशय सुंदर वाटते. माणसांत ती किती उतरते, हे चाचण्याच सांगतील.

दुसरा मार्ग अधिक धाडसाचा. कर्क्युमिनच्या रेणूत दोन टोकांना दोन फेनॉल वलये आणि मध्ये सात कार्बनची साखळी असते. साखळीच्या मधोमध असलेली दोन कार्बोनिलची जोडी हीच त्याच्या अस्थिरतेचे मूळ. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी ती जोडी काढून एकच कार्बोनिल ठेवले आणि ईएफ-२४ हे संयुग घडवले. पेशींवर ते कर्क्युमिनपेक्षा बरेच प्रभावी ठरले, पण तेवढेच अधिक आक्रमकही. सॉल्क संस्थेत डेव्हिड शूबर्ट यांच्या गटाने त्याच जागी पायरॅझोलचे वलय बसवून सीएनबी-००१ तयार केले. त्यात आणखी बदल करत २०११ मध्ये जे-१४७ हा रेणू जाहीर केला. अल्झायमरच्या प्राणि-प्रतिमानांत त्याने स्मृती सुधारली. २०१८ मध्ये त्याच गटाने तो रेणू पेशीतल्या ऊर्जानिर्मितीच्या एका विकरावर, एटीपी सिंथेजवर, काम करतो असे दाखवले आणि संयुग सुरुवातीच्या मानवी चाचणीपर्यंत गेले. जे-१४७ ची रचना पाहून त्यात हळद ओळखू येणार नाही. तरीही हळदीशिवाय तो सुचला नसता. कर्क्युमिनचे सर्वांत मोठे मोल कदाचित असेच, आरंभबिंदू म्हणून, निघेल.

याला पूर्वदाखले आहेत. चीनमध्ये तू योयो यांच्या गटाने एका पारंपरिक वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढले. ते पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून पुढे त्याचे आर्टेसुनेट झाले आणि तीव्र मलेरियात शिरेतून देता येऊ लागले. आपल्याकडे मुंबईच्या होएक्स्ट संशोधन केंद्रात डिसॉक्झायलम या सह्याद्रीत आढळणाऱ्या वृक्षातल्या रोहिटुकीनवरून फ्लॅव्होपिरिडॉल घडवले गेले. पेशीविभाजनाचे नियमन करणाऱ्या एका विकरगटाला रोखणारा, मानवी चाचणीत उतरलेला तो पहिला रेणू. त्याला बाजारात मान्यता मिळाली नाही, पण त्याने उघडलेल्या वाटेने पुढे त्याच गटावरची इतर औषधे स्तनाच्या कर्करोगात आली. मुंबईत झालेल्या या कामाची मराठीत फारशी चर्चा झाली नाही, याची मला खंत वाटते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप वैद्यमंडळींचा : वनस्पतीचा गुण तिच्या समग्रतेत असतो, एक द्रव्य उपटून काढले की तो हरवतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. हळदीतल्या तेलांमुळे कर्क्युमिनचे शोषण वाढत असल्याचे काही प्रमाणात दिसते आणि तीन कर्क्युमिनॉइडांची स्थिरताही सारखी नाही. पण हा दावासुद्धा तपासता येतो. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेवर हळदीच्या अर्काची तुलना आयबुप्रोफेनशी ३६७ रुग्णांवर केली गेली आणि चार आठवड्यांत अर्क जवळपास तेवढाच उपयोगी दिसला. समग्र वनस्पती श्रेष्ठ असेल, तर तिला शुद्ध संयुगासमोर अशाच चाचणीत उभे करावे. त्यासाठी अर्कात काय किती आहे हे मोजलेले हवे, नाही तर यंदाच्या अर्काचा निकाल पुढच्या वर्षीच्या अर्काला लागू होणार नाही. २०१५ मध्ये भारताने औषध नियमांत ‘फायटोफार्मास्युटिकल’ हा वर्ग आणला तो यासाठीच. त्यात किमान चार घटक मोजून दाखवावे लागतात. फक्त तीन कर्क्युमिनॉइडांवर ही अट भागत नाही, तेलातला एखादा घटक, उदाहरणार्थ टर्मेरोन, मोजावा लागतो. समग्रतेची बाजू घेणाऱ्यांसाठी ही उघडी वाट आहे. तिच्यावर चालणारे अजून फार थोडे आहेत.

दुसरा समज असा, की नैसर्गिक गोष्टीने अपाय होत नाही. अमेरिकेतल्या औषधजन्य यकृत-इजेच्या नोंदवहीत २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे झालेल्या दहा घटना प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या सात रुग्णांत एचएलए-बी*३५:०१ हे विशिष्ट जनुकरूप होते, आणि एकाचा मृत्यू झाला. इटलीतही अशा घटनांचा पुंजका आढळून सरकारने इशारे छापायला लावले. आमटीतल्या हळदीने हे होत नाही. शोषण वाढवलेल्या, एकवटलेल्या अर्काने क्वचित होते. २०१७ मध्ये तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने शिरेतून दिलेल्या कर्क्युमिनच्या एका मिश्रणाबद्दल इशारा दिला. ते घेतल्यावर एका तरुणीचा मृत्यू झाला होता. तपासणीत त्यात लिहिलेल्या मात्रेच्या जेमतेम दोन-तीन टक्के कर्क्युमिन सापडले, आणि सोबत औषधी प्रतीचे नसलेले, विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले द्रावक. शुद्धतेचा आग्रह हा प्रयोगशाळेतला सोवळेपणा असल्याचे ज्यांना वाटते, त्यांनी हे प्रकरण पाहावे.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी आहे. कर्क्युमिनवर कोणाचा मक्ता नाही, मग मोठ्या चाचणीचा खर्च कोण करणार? हे खरे आहे. पूरक गोळी विकून पैसा मिळत असताना औषधाच्या चाचणीत तो घालण्याचे कारण उत्पादकाला उरत नाही. पण वाट अगदीच बंद नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाल चिकापासून शुद्ध केलेल्या क्रोफेलेमरला २०१२ मध्ये अमेरिकेत एचआयव्ही रुग्णांच्या अतिसारावर वनस्पतिजन्य औषध म्हणून मान्यता मिळाली. मुंबईची ग्लेनमार्क कंपनी त्या प्रवासात भागीदार होती. क्रोफेलेमरही रक्तात जवळजवळ शोषले जात नाही आणि आतड्यातच काम करते. व्रणदाहातल्या कर्क्युमिनसाठी याहून जवळचा नमुना शोधून सापडणार नाही. आणि जिथे खाजगी भांडवल येत नाही, तिथे सार्वजनिक पैसा यायला हवा. पेटंट रद्द करून हे ज्ञान सर्वांचे आहे असे आपण जगाला सांगितले. जे सर्वांचे आहे त्याच्या परीक्षेचा खर्चही सर्वांनी उचलणे ओघानेच येते.

शेतकऱ्याच्या बाजूनेही एक शंका विचारली जाते. वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि पुढे वसमतच्या हळदीलाही भौगोलिक मानांकन मिळाले. वायगावच्या हळदीची ख्याती तर तिच्यातल्या जास्त कर्क्युमिनसाठीच आहे. कर्क्युमिनचे औषध झाले तर भाव वाढेल, ही आशा स्वाभाविक आहे. ती मी पूर्णपणे जागवू शकत नाही. कर्क्युमिन प्रयोगशाळेत व्हॅनिलिनपासून बनवता येते आणि ते अर्कात चोरून मिसळलेही जाते. कार्बन-१४ मोजून ही भेसळ उघडी पडते, पण ती चाचणी महाग आहे. आर्टेमिसिनिनच्या बाबतीत मागणी वाढताच लागवड वाढली, मग भाव कोसळले आणि शेतकरी पोळले. शिवाय जे-१४७ सारख्या रेणूला हळद लागतच नाही. शेतकऱ्याला टिकाऊ लाभ होईल तो प्रमाणित अर्काच्या वाटेने, जिथे बेणे, शेत, शिजवण आणि साठवण यांची नोंद औषधाच्या नोंदीचा भाग बनते आणि त्या नोंदीसाठी खरेदीदाराला ठरलेला दर मोजावा लागतो.

या सगळ्यातून महाराष्ट्रापुरते एक काम मला ताबडतोब करण्याजोगे दिसते. तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडात पांढरे चट्टे असलेले रुग्ण आपल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात येतात. केरळातल्या चाचणीने मार्ग दाखवला आहे. तोच प्रश्न घेऊन, एकाच प्रमाणित अर्काने, प्लासिबोसह, अधिक रुग्णांवर आणि अधिक काळ चाचणी व्हावी. चट्ट्याचा आकार तर मोजावाच, पण किती जणांत पुढे कर्करोग झाला हे निदान पाच वर्षे पाहावे. दर महिन्याला यकृताची तपासणी व्हावी, ज्यांचे यकृत बिघडेल त्यांचे जनुकरूप तपासावे आणि दोन्ही गटांना तंबाखू सोडण्यासाठी सारखेच साहाय्य मिळावे. त्यासाठी लागणारी कर्करोग केंद्रे, दंत महाविद्यालये, पुण्या-मुंबईच्या रसायनशाळा आणि हळद पिकवणारे जिल्हे हे सगळे एकाच राज्यात आहे. चाचणीची आखणी पहिला रुग्ण घेण्याआधी जाहीर व्हावी आणि निकाल, हळदीच्या बाजूने लागो वा विरुद्ध, मराठीतही छापला जावा.